दाणे गप्प होतात तेव्हा

माझ्या बायकोबद्दल लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. ती हे वाचेल तेव्हा "एवढं काय त्यात?" असंच म्हणेल. मी चष्म्याच्या दुकानात एकोणचाळीस वर्षं भिंगं घासली. लिहिणं म्हणजे पाकिटावर डावा डोळा, उजवा डोळा आणि नंबर, एवढंच. त्यामुळे हे कुठे अडखळलं तर दोष माझा, तिचा नाही.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिथे तिला सगळे 'कान' म्हणायचे. तारेत कितीही खरखर असो, पलीकडचा माणूस कितीही पुटपुटो, तिला शब्द बरोबर कळायचा. तो माणूस उभा आहे की बसलेला, हेसुद्धा आपण आवाजावरून सांगतो अशी तिची फुशारकी होती. ती फार चुकायची नाही.

लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मुलगी मानी आहे, जरा सांभाळून घ्या. मी मान हलवली. मला जमण्यासारखी तीच एक गोष्ट होती. भांडण मला जमत नाही, आणि कुणाला तोंडावर काही सांगणं तर मुळीच नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही डोंगरातल्या एका गावी निघालो होतो. वाटेत बस थांबली. थांब्यावरच्या दुकानात एक बाई लोखंडी कढईत कॉफीचे दाणे भाजत होती. कढईकडे पाठ, गिऱ्हाइकांशी बोलणं चालू, मधूनच हात मागे नेऊन उलथन्याने दाणे हलवायची. आणि एकदम, बोलता बोलता, तिने कढई उतरवली. हिने विचारलं, न बघता कसं कळलं? बाई म्हणाली, बघायचं कशाला, ते बोलतात की. झालं. पुढची कढई उतरेपर्यंत ही तिथून हलेना. आमची बस सामानासकट निघून गेली. मला ती जाताना दिसली होती. पण ही इतकी रमली होती की मला हाक मारवेना. "बस जाताना बघत उभा राहणारा प्रवासी मी पहिल्यांदाच पाहिला," असं ती पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगायची, आणि मीही हसायचो.

त्यानंतर आमची वर्षाची सुट्टी कॉफीवरून ठरायला लागली. देवळं, किल्ले, समुद्र ही तोंडी लावायला. नव्या गावात उतरलो की आधी कॉफीचं दुकान. ती दारात उभी राहून क्षणभर ऐकायची. दूध तापवणाऱ्या यंत्रातून चिरका आवाज आला तर म्हणायची, "इथे दूध ओरडतंय, चला पुढे." दूध पुटपुटत असेल तर आत शिरायची. मग मालकाशी ओळख, भट्टीपाशी जाणं, कच्च्या हिरव्या बिया मागून घेणं. त्या बिया माझ्या मोज्यांत भरून घरी यायच्या. पावसाळ्यात माझ्या पायांना कच्च्या कॉफीचा वास यायचा.

घरी दर रविवारी सकाळी ती कढई चढवायची. बिया आधी पिवळ्या पडतात, वाळल्या गवतासारखा वास येतो. मग तपकिरी होतात आणि पहिली तडतड सुरू होते, मक्याच्या लाह्या फुटाव्यात तशी. ती संपली की दाणे गप्प होतात, मिनिटभर, फार तर दीड मिनिट. मग दुसरी तडतड, बारीक, आगपेटीतल्या काड्या मोडाव्यात तशी. ती रंगात आली की करपलंच. तिचं सगळं कसब त्या मधल्या मिनिटात होतं. पहिली तडतड लागली की आच कमी करायची आणि दाणे गप्प झाले की उतरवायचे. रंगावर तिचा भरवसा नव्हता. रंग फसवतो, म्हणायची. शेजारणीने एकदा गुपित विचारलं, तर हिने सांगितलं, "गप्पेत काढायची." त्या बाईंनी आपल्या घरी बहिणीला बोलावून भरपूर गप्पा मारल्या आणि पाव किलो दाणे कोळसा करून आणले. एवढ्या गप्पा मारल्या तरी असं कसं झालं, म्हणून तक्रार घेऊन. आम्ही दोघं आठवडाभर हसत होतो.

गेल्याच्या मागच्या हिवाळ्यात एका रविवारी तिचे दाणे करपले. मी स्वयंपाकघरात खुर्चीवर पेपर वाचत होतो. तडतड मला ऐकू आली, मग शांतता, मग दुसरी तडतड, आणि ती आपली हलवतेच आहे. धूर झाल्यावर तिने कढई उतरवली. म्हणाली, बिया जुन्या होत्या. पुढच्या रविवारी मी पेपर समोर धरला, पण वाचला नाही. ती उजवा कान कढईकडे करून वाकली होती. केसांची बट भाजेल इतकी. आणि तेव्हाही चुकली.

मी जन्मभर चष्म्याच्या दुकानात होतो. दिसत नाही हे लपवणारी माणसं मी रोज बघितली आहेत. आत बोलवायच्या आधी बाकावर बसून तक्त्यावरची अक्षरं पाठ करतात आणि खुर्चीत बसल्यावर घडाघडा म्हणून दाखवतात. आम्ही तक्ता बदलायचो. माणूस ओशाळायचा, पण त्याला चष्मा मिळायचा. हे सगळं मला माहीत होतं.

तिसऱ्या रविवारी पहिली तडतड सुरू होताच मी उठलो आणि खिडकी उघडली. धुरासाठी उघडावी तशी. तिने खिडकीकडे पाहिलं, मग आच कमी केली. तडतड थांबल्यावर मी खुर्चीत परत बसलो. तिने कढई उतरवली. कॉफी पहिल्यासारखी झाली. ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही. त्यानंतर दर रविवारी असंच. तडतड आली की मी उठायचो, दाणे गप्प झाले की बसायचो. मला वाटायचं, मी तिला सांभाळून घेतोय. खरं सांगायचं तर मला त्यात सुख होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या कॉफीत माझा हात होता.

मग सांभाळून घेणं वाढत गेलं. लेकीचा फोन आला की मी उचलायचो आणि म्हणायचो, आई कॉफी भाजतेय. एकदा लेक म्हणाली, बाबा, आईने काय दुकान काढलंय का? त्या वर्षीच्या सहलीत कॉफीच्या दुकानात मी तिला कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून बसवायचो, म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड समोर राहील. वाढणाऱ्याने काही विचारलं की मी ते स्वतःशी म्हटल्यासारखं मोठ्याने पुन्हा म्हणायचो. ती दारात उभी राहून दूध ऐकेनाशी झाली होती. मी आधी आत शिरायचो.

लेक दिवाणखान्यातून हाका मारत स्वयंपाकघरात आली आणि हिच्या पाठीला आपटली, तेव्हा सगळं उघड झालं. हिच्या हातात गरम दुधाचं भांडं होतं. लेक आमच्याकडे चार दिवस राहायला आली होती. भाजलं थोडंच, पण दुसऱ्याच दिवशी तिने आईला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो. तपासण्यांना पंधरा दिवस गेले. कानाच्या आतल्या भागाला सूज येते, दोन्हीकडे, हळूहळू. सुरुवातीला गोळ्यांनी ती थोपवता येते. आता उशीर झाला होता. कानामागच्या मशीनने नुसता गोंगाट येईल, शब्द कळणार नाहीत, आणि ऑपरेशनला तिच्या हृदयाकडे बघून भूल देणारे डॉक्टर तयार नव्हते.

डॉक्टरांनी विचारलं, "इतके महिने घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हळूहळू होतं ना. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं. मग 'कदाचित' म्हणाले. मी तो 'कदाचित' धरून घरी आलो.

दोन महिन्यांत तिचं ऐकणं संपलं. मी खिशात वही-पेन्सिल ठेवायला लागलो. ती बोलायची, मी लिहायचो. रविवारची कढई बंद झाली. मी लेकीला फोनवर सांगायचो, आई बरी आहे, आणि फोन ठेवल्यावर तिथेच उभा राहायचो. आपल्याला माहीत होतं हे एकदा हिला सांगायला हवं, असं रोज वाटायचं. वही काढायचो आणि 'भाजी कुठली आणू' असं काहीतरी लिहायचो.

लेकीनेच आमची तिकिटं काढली. बंदराचं एक गाव, तिथल्या कॉफीबद्दल ही बरीच वर्षं बोलत होती. दुकान लहान होतं, सहा-सात टेबलं, सकाळची वेळ, लोक पेपर वाचत बसलेले. मालकीण मागच्या बाजूला, मोठ्या कढईत, हातानेच भाजत होती. मला तडतड ऐकू आली. ही धुराकडे बघत होती. तेवढ्यात मालकिणीने हात लांब करून खिडकी उघडली.

हिने त्या खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, तुम्ही का उघडायचात?

मी वही काढली. लिहिलं, 'तुला तडतड ऐकू येईनाशी झाली होती म्हणून.'

तिने वाचलं. म्हणाली, कधी कळलं तुम्हाला?

मी लिहिलं, 'दाणे पहिल्यांदा करपले, त्या दिवशी.' मग खाली लिहिलं, 'डॉक्टरांकडे खोटं बोललो.'

तिने वही आपल्याकडे ओढली आणि दोन ओळी वाचायला फार वेळ घेतला. आपला आवाज आपल्याला येत नसल्यामुळे ती तेव्हा मोठ्याने बोलायला लागली होती. बाहेर असलो की मी तळहाताने हळू, हळू अशी खूण करायचो.

"मला ठाऊक होतं तुम्हाला कळलंय ते," ती म्हणाली. सगळ्या दुकानाने माना वळवल्या. "मी घाबरले होते हो. स्वतःहून जायचा धीर नव्हता. दर रविवारी वाटायचं, आज तरी हे म्हणतील, चल, कान दाखवून येऊ. मी आले असते. तुम्ही आपले खिडकी उघडायचात. मी वाट बघत होते."

मी खूण केली नाही. माझा हात टेबलावरच राहिला. पेपर वाचणारे पेपरात परत गेले. मालकीण कॉफी घेऊन आली आणि कप ठेवताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कॉफी चांगली होती, एवढं मला आठवतं. हिने अर्धी प्यायली आणि चला म्हणाली. परतीच्या सबंध प्रवासात ती खिडकीबाहेर बघत होती आणि वही माझ्या खिशातच राहिली.

घरी आल्यावर मी लेकीला फोन करून खरं ते सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मी नंतर करते. तिचा फोन पाच दिवसांनी आला.

हिने मला शिक्षा केली नाही. वेळेवर जेवायला वाढते, गोळ्या घेतल्या का विचारते. फक्त महिन्याभराने एका रविवारी तिने कढई काढली आणि मला स्वयंपाकघरातून बाहेर जायला सांगितलं. खुर्चीसुद्धा बाहेर आणून ठेवली. म्हणाली, मी रंगावर आणि वासावर शिकणार आहे. तुम्ही मध्ये यायचं नाही, आणि कशी झाली ते खरं सांगायचं.

दार लागलं. मी बाहेर खुर्चीत बसलो. दाराआडून मला सगळं ऐकू येत होतं. पहिली तडतड आली. मी उठलो आणि उभाच राहिलो. मग दाणे गप्प झाले. मी मनात आकडे मोजले. साठ झाले, नव्वद झाले. उलथन्याचा आवाज चालूच होता. दार ठोठावून उपयोग नव्हता. ते नुसतं लोटलेलं होतं, बोटाने ढकललं असतं तरी उघडलं असतं. दुसरी तडतड सुरू झाली, दाट झाली, आणि दाराखालून धूर यायला लागला. मी खुर्चीत बसलो.

बऱ्याच वेळाने ती दोन कप घेऊन बाहेर आली. धुराने डोळे लाल झाले होते, म्हणजे मी तरी धुरानेच असं धरून चाललो. मी घोट घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"करपली," मी म्हणालो. ओठांवरून कळावं म्हणून सावकाश.

"किती?"

"पार."

तिने मान हलवली. माझ्या हातातला कप काढून घेतला, स्वतःचाही उचलला आणि आत गेली. मोरीत कॉफी ओतल्याचा आवाज आला. मग दार पुन्हा लागलं आणि कच्च्या बिया कढईत पडल्या.

तेव्हापासून अकरा रविवार झाले. अकराही वेळा मी तेच उत्तर दिलं आहे. आज शनिवार आहे.