नईमाच्या आईचं लोणी

हा किस्सा आमच्या ओळखीत सगळ्यांना पाठ आहे. पार्सिपनीच्या गणपतीत, कुणाच्या बार्बेक्यूला, माझा नवरा संदीप तो रंगवून सांगतो. लोक पोट धरून हसतात, मीही हसते. पण खरं काय झालं ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — संदीपलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही त्यातल्या कुणाला ओळखत नाही, म्हणून असेल.

संदीपचा किस्सा असा. समोरच्या दारातल्या मोरोक्कन शेजारणीनं ईदसाठी जपलेलं जुनं लोणी आमच्या ओट्यावर ठेवलं. हिनं वास घेतला, हिला वाटलं नासलं. पुण्याची बाई! लोणी वाया कसं जाऊ देईल? कढवलं, तूप करून ठेवलं. शेवटी तो म्हणतो, "यार, हिच्या हातात अख्खा मोरोक्को दिला तरी ही कढवून बरणीत भरेल!" आणि सगळ्या काकू माझ्याकडे बघून म्हणतात, बिचारी, हिला काय माहीत.

मला माहीत होतं.

नईमा मूळची फेस शहरातली. जर्सी सिटीत आम्ही आलो तेव्हा या मजल्यावर दार उघडून "काही हवंय का?" विचारणारी ती एकटीच. कुसकुस म्हणजे रव्याचे बारीक दाणे; ते पाण्यात शिजवायचं नसतं, वाफेवर तीनदा काढायचं, मधेमधे परातीत पसरून हातानं चोळायचं, हे तिनं मला शिकवलं. मी तिला लोणी कढवायला शिकवलं. तूप गाळल्यावर तळाला बेरी उरते, ती आम्ही साखर घालून खातो, त्यावरून आम्ही भावंडं भांडायचो, हेही सांगितलं. ती खूप हसली होती. मैत्रीण होती ती माझी. हे लिहायला अजूनही जड जातं — कारण मग पुढचं जास्तच वाईट दिसतं.

पुण्यात माझी आई वारली तेव्हा आमचा व्हिसा एक्स्टेन्शनमध्ये अडकला होता. गेले असते तर परत येता येईलच याची खात्री नव्हती, आणि मुलगी इथे शाळेत. मी फोनवर आईला शेवटचं पाहिलं. भावानं फोन धरला होता. मग काही दिवसांनी खाली लाँड्री रूममध्ये कुणीतरी विचारलं, तू गेली नाहीस? मी काही बोलायच्या आत नईमा टॉवेलची घडी घालत म्हणाली, "त्या जागी माझी आई असती ना, तर मी पोहत गेले असते."

बस, एवढंच. तिला ते लागेल असं वाटलंही नसेल. पण चार बायका माझ्याकडे बघत होत्या. आणि खरं सांगू? ते खोटं असतं तर मी विसरले असते. मला जाता आलं असतं — परत येण्याचीच तेवढी खात्री नव्हती. मी हिशेब केला होता, आणि आई त्यात बसली नव्हती. ते नईमानं सगळ्यांसमोर, टॉवेलची घडी घालता घालता सांगून टाकलं.

मी डूख धरला. वरून सगळं तसंच, चहा, डबे, मुलांचे वाढदिवस. पुढे तिची आई गेली, तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी विमानात बसली. इथला पासपोर्ट होता ना बाईसाहेबांकडे! तिच्या मुलांना मी रोज खिचडी नेऊन दिली, आणि प्रत्येक डबा भरताना मनात म्हणत होते — गेलीस ना, पोहत?

परत आली ती एक छोटी मातीची बरणी घेऊन. आत स्मेन. म्हणजे मीठ लावून, रानपाल्याचा काढा घालून महिनोन्‌महिने मुरवलेलं लोणी. तिच्या आईनं हातानं केलेलं शेवटचं. नईमानं ब्रेडवर नखाएवढं लावून मला चाखायला दिलं. वास उग्र, जुन्या चीजसारखा. "नासल्यासारखं वाटतं ना? हेच तर हवं असतं," ती म्हणाली. बकरी ईदला तिचा भाऊ मॉन्ट्रियलहून येणार होता. त्याला आईला माती देता आली नव्हती. ते कुसकुसला चोळायचं आणि दोघांनी मिळून खायचं, असं तिनं ठरवलं होतं.

ईदच्या दिवशी तिच्या शेगडीवर मटण होतं, सुके आलुबुखार आणि बदाम घालून. कलेजीचे तुकडे चरबीत गुंडाळून सळ्यांवर लावायचे होते. माझं घर शाकाहारी, म्हणून कुसकुस आणि सात भाज्यांचा रस्सा माझ्याकडे. खरं तर त्या रश्श्यातही मटण असतं. मला पंगतीत बसता यावं म्हणून तिनं तो बिनमटणाचा केला होता. हे मला तेव्हाही कळत होतं. तिसऱ्या वाफेनंतर स्वतः येऊन स्मेन चोळीन म्हणाली, ओट्यावर बरणी ठेवली आणि सळ्या लावायला गेली.

मी बरणीकडे बघत उभी राहिले. रागानं आंधळी झाले होते म्हणू का? नाही. डोकं अगदी शांत होतं. मी बरणी पातेल्यात रिकामी केली, गॅस लावला. लोणी तडतडलं, तो उग्र वास घरभर झाला, आणि मग हळूहळू निघून गेला. मला बरं वाटलं. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं. गाळून बरणीत परत भरलं — पिवळंधमक, कुठल्याही देशी दुकानात मिळतं तसं तूप.

ती स्मेन चोळायला आली, तेव्हा मी वेड पांघरून पेडगावला गेले. "अगं, नासलं होतं ना!" म्हटलं, तोंडावर हात ठेवला. तिचा भाऊ दारातच उभा होता. त्यानं बरणीचा वास घेतला, बरणी खाली ठेवली आणि बाथरूममध्ये गेला. बराच वेळ आला नाही. नईमा माझ्याकडे बघत होती. तो आल्यावर त्याला म्हणाली, "चूक माझी आहे. मी हिला कधी सांगितलंच नव्हतं."

तिनं सांगितलं होतं. चाखवलं होतं! तिला कळलं होतं, आणि तिनं मला झाकलं. पाहुण्यांसमोर मला कुसकुस वाढलं, वर माझंच तूप. मी शरमेनं मेले असं वाटेल तुम्हाला. नाही. मला तिचा मोठेपणा सहन झाला नाही. मी उट्टं काढलं आणि तरी तीच वर राहिली — एवढंच डोक्यात घुमत होतं.

जेवणं झाल्यावर ती कुसकुसची चाळण न्यायला आली. निघताना दारात थांबली.

"तळाला काहीतरी उरतं म्हणाली होतीस ना? साखर घालून खाता ते... ते आहे का?"

पातेलं शेगडीवरच होतं, झाकण घातलेलं, माझ्या पाठीमागे.

"नाही," मी म्हटलं. "घासलं ते."

तिनं माझ्या खांद्यावरून झाकणाकडे पाहिलं. मग "ओके" म्हणाली आणि गेली.

लोणी मी कढवलं ते सूड म्हणून, ते तरी समजेल कुणाला. हे कशासाठी होतं? दार लागल्यावर मी झाकण काढलं. तळाला तपकिरी बेरी होती. बोटानं खरवडून जिभेवर ठेवली. खारट. आणि तुपात कुठेच नव्हता तो वास, तो पाला, सगळं तिथे उतरलं होतं. तिच्या आईची चव होती ती, दोघांना पुरेल एवढी. समोरच्या दारामागे भाऊ-बहीण बोलत होते, ते मला ऐकू येत होतं.

मी गरम पाण्याचा नळ सोडला आणि पातेलं लख्ख घासलं.