सुंदरानं पुस्तकाला लावलेला कौल

सुंदरा माझी पुतणी. कामाला वाघीण, तोंडाला कुलूप. तिला डिवचल्याबिगर मला भाकरी गोड लागायची नाय.

तिला वैशाखरे गावात दिली होती. नवरा हात उगारायचा, वर दुसरी करून आणली. तवा सुंदरा धसईजवळ आमच्या पाड्यावर माहेरी येऊन बसली ती तीन वर्षं. जर्मनची लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट.

पाड्यावर वाचता येणारा एकच, कमळाकर. भाताची गाडी घेऊन कल्याणला गेला की येताना कनकलतेच्या गोष्टीचा एकेक भाग आणायचा. दुपारी त्याच्या पडवीत आमी बाया वाल सोलत बसायचो, तो वाचायचा. कनकलता पण नवऱ्यानं टाकलेली. पण बाई काय ती! पुरुषाचा वेष घेते, घोड्यावर बसते, चोर धरते, सहाव्या भागात तर स्वतःचं घर बांधते. सुंदराच्या हातातली शेंग हातातच राहायची.

"सोल गो," मी म्हणायची, "कनकलता येऊन सोलणार नाय."

ती हसायची. दिवसातनं तेवढंच हसायची.

आठ भाग झाले नि वैशाखऱ्याहून सासऱ्याचा निरोप आला. दुसरी आजारी पडलीय, लावणीला माणूस नाय, सुंदराला धाडा. तिचा भाऊ म्हणाला, तुझं तू ठरव. सुंदरानं गावदेवीला कौल लावला. देवीच्या दोन खांद्यांवर फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर जा, डावं पडलं तर राहा. दोन मंगळवार बसलो. एक पण फूल हललं नाय.

मी आपली मस्करीत बोलले, "देवी गप्प हाय तर कनकलतेला विचार. ती करील तसं कर."

बाया हसल्या. सुंदरा नाय हसली. आठव्या भागावर हात ठेवून म्हणाली, "नवव्यात ती नवऱ्याकडं गेली तर मी जाईन. ती नाय तर मी नाय."

आमाला वाटलं, सुटली पोरगी. आठ भाग जिनं त्या माणसाला दारात उभा केला नाय, ती नवव्यात कशाला जाते?

नववा भाग आला. कमळाकरनं शेवटचं पान वाचलं. कनकलता नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते, माझं चुकलं म्हणते, नि सगळी सुखानं राहतात.

गुणाबाईनं सूप आपटलं. "नीट वाच मेल्या."

"असंच छापलंय."

"आणि तिचा घोडा?" जिवलीनं विचारलं.

"घोड्याचं काय लिवलं नाय."

मग लिहिणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या आमी. मी कमळाकरला बाजूला घेतला. "आमच्यातली कोण वाचून बघणार होती? खोटं सांगायचंस."

"मनात आलं होतं, काकी. पण तिनं हात ठेवला होता ना त्याच्यावर."

तिसऱ्या दिवशी सुंदरा गेली.

पुढच्या वर्षी धसईच्या बाजारात दिसली, भेंडी विकत बसलेली. समोरचा एक दात नव्हता. सवयीनं तोंडातनं गेलं, "काय गो कनकलते?"

तिनं मान वर केली. "कमळाकर वाचतो का अजून?"

"नाय गो. त्या दिवसापासून पडवीत कोण बसत नाय. राग हाय सगळ्यांना त्या पुस्तकाचा."

"बघितला मी राग," सुंदरा म्हणाली. "तिच्यासाठी तुमी दोन दिवस शिव्या देत होता. मी गाठोडं घेऊन निघाले तवा एक पण बोलली नाय, जाऊ नको म्हणून."

मी तिची भेंडी चाचपत राहिले. मग म्हटलं, "चल घरी."

"लावणी हाय, काकी," ती म्हणाली नि टोपली डोक्यावर घेतली.