घोडं बघावं तशी सायकल

आमच्या थोरल्या आबांनी माझ्यासाठी सायकल घेतली ती घोडं घेतात तशी. हे मी चिडून सांगतेय, पण खोटं सांगत नाही. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती, आणि मेंढरांमागं फिरताना बिऱ्हाड वाहायला घोडी लागायची. घोडं पारखावं तर आबांनीच, असं सगळी वस्ती म्हणायची. पुढं मेंढरं विकली, डोंगराच्या पायथ्याला शेती केली, दारात म्हशी बांधल्या. पण आबांच्या डोक्यातलं घोडं काही गेलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. कासुर्डीच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. तिथली दहावी पास झालेली पहिली पोरगी मी, आणि मला पुढं शिकायचंच होतं. कॉलेज यवतला, आठ किलोमीटरवर. त्यातली निम्म्याच्या वर मुरमाड उताराची वाट, मधे एक दगडगोट्यांचा ओढा, पुढं काळ्या रानातली पांद, म्हणजे दोन शेतांमधली अरुंद वाट, आणि मग कुठं हायवेची डांबरी. घरात शब्द चालायचा तो आबांचा. माझे वडील, आप्पा, थोरल्या भावापुढं मान वर करत नसत. आबांनी निकाल दिला, "येक वरीस बघू. जाता जाता डेअरीला दूध घालायचं. आन् नापास झाली की संपलं, मंग कुनी तोंड उघडायचं न्हाई."

सायकल घ्यायला दौंडच्या बाजारात गेलो. दुकानासमोर दोन सायकली उभ्या होत्या. एक काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, बारीक टायरची, मधे आडवी नळी असलेली पुरुषी. दुसरी लाल, सव्वीस इंची, जाड खाचांच्या टायरची, बुटकी. ही आडरानात चालवायला केलेली असते, असं दुकानदार म्हणाला. आमची वाट म्हणजे दुसरं काय होतं? तसलीच एक सायकल मी मैत्रिणीच्या घरची घेऊन शाळेच्या ग्राउंडवर चालवली होती. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकायचे. मला तिथंच कळलं, ही माझी.

आबांनी काय करावं? हातातली काठी दोन्ही चाकांना लावून उंची बघितली. तारा बोटानं टिचकावल्या. काळीच्या सीटवर थाप मारली, जशी घोड्याच्या पाठीवर मारतात. म्हणाले, "उंच जनावर पान्यातनं सुकं निघतं. आन् ही बुटकी बघा, पाय सुजल्यागत दिसत्यात हिचं."

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "मामा, पोरगीच चालवणार ना? बसवून तरी बघा तिला."

"भर बाजारात पोरगी टांग मारंल व्हय?" आबा त्याच्यावरच खेकसले.

मी म्हणाले, "आबा, मला लाल पायजे." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "लाल त्या रांजणगावच्या कंपनीतल्या पोरांना ऱ्हाऊ दे. हितं वझं वाहायचं हाय." आप्पा तेव्हा स्वतःच्या चपलांकडं बघत होते. मला आबांचा राग आला, पण आप्पांचा जास्त आला. एक शब्द बोलायचं नाही माणसानं?

घरी आल्यावर आई म्हणाली, "पदरी पडलं अन् पवित्र झालं." पवित्र कसलं डोंबलाचं! नाकापेक्षा मोती जड, असली ती गत. सीटवर बसले तर माझे पाय पायडलला पुरत नव्हते. नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारावं, तर मागं दोन बाजूंना दुधानं भरलेल्या किटल्या लटकलेल्या. सायकल एका अंगाला कलली की किटल्या तिला पुरती खाली ओढायच्या. म्हणून वस्ती ते डेअरी मी सायकल हातात धरून चालायचे. पायडल नडगीवर आपटायचं. बारीक टायर मुरमात रुतायचं, सराटा घुसला की पुस्स. डेअरीला किटल्या रिकाम्या झाल्या की मग हाफ पायडल मारत कॉलेज. पहिला तास रोज अर्धा संपलेला असायचा. सायकल मला नेत नव्हती, मीच तिला कॉलेजला नेऊन आणत होते.

खरं सांगायचं तर मोठं चाक दगडांवरनं चांगलं सुटतं. हे मला पुढं कळलं, आणि ते मी नाकारत नाही. पण ज्याचे पाय पुरतात त्यानं सोडवावं ना ते दगडांवरनं! चाक वाटेला शोभतं का हे बघितलं, ओझ्याला पेलतं का हेही बघितलं. बसणारीचा हिशोब कुणी केला होता?

सहामाहीला मी फिजिक्समध्ये नापास झाले. वाटेत पंक्चर झालं, पेपरला उशिरा पोचले, निम्मा पेपर कोरा. आबा कॉटवर बसून तंबाखू मळत म्हणाले, "म्हनलं हुतं ना. आता वार्षिकला बघू, मंग हाय घर अन् चूल." त्यांच्या आवाजात समाधान होतं. अगदी ठेवणीतलं. मला आठवलं तरी आजही अंगाची लाही होते.

वार्षिक परीक्षा एप्रिलात आली. पहिला पेपर फिजिक्स, सकाळी आठला, अर्ध्या तासानंतर आत घेणार नाहीत. आदल्या दिवशी संध्याकाळी धारा चालल्या होत्या. मी आबांना म्हणाले, "उद्या दूध दुसऱ्या कुणीतरी घाला. मी नुसती चालत जाते."

"का? सायकल हाय की."

"ती सायकल मला चालवता येत नाही, आबा. वर्ष झालं सांगतेय."

"चालवता येत न्हाई म्हंजी? एवढं चांगलं जनावर. तुझ्यातच खोट हाय."

शेजारपाजारची माणसं दूध न्यायला आली होती, सगळे ऐकत होते. माझी जीभ सुटली. "मग तुम्ही बसून दाखवा! तुम्ही तरी कधी बसलाय सायकलवर?"

दुधाला आलेल्यांनी एकमेकांकडं बघितलं. कारण आबा जन्मात सायकलवर बसले नव्हते. सगळी हयात पायी नाहीतर घोड्यावर. हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्या तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं. आईनं कपाळावर हात मारला. आप्पा म्हणाले, "ए, मोठ्या मानसाशी असं बोलतात व्हय?" वर्षभरात आप्पांच्या तोंडातून निघालेला शब्द तो हाच. आबा मात्र उठले आणि आत गेले.

सकाळी मी आवरून बाहेर आले, तर सायकल नव्हती आणि किटल्याही नव्हत्या. आबा दूध घेऊन कधीच पुढं गेले होते. बरं झालं, म्हटलं, कळू दे त्यांना. मी वही छातीशी धरून चालत निघाले.

ओढ्यात उतरले तेव्हा ते दिसले. उतारावर त्यांनी सायकलवर बसायचा प्रयत्न केला असावा. आबा दगडांत आडवे पडले होते, अंगावर सायकल, उजवा पाय नळीखाली अडकून विचित्र वळलेला. एक किटली फुटली होती, दूध गोट्यांमधनं खाली चाललं होतं. तोंड पांढरंफटक. मला बघून म्हणाले, "उचल गं हिला."

सायकल उचलणं काही अवघड नव्हतं. पण तो पाय मोडला होता, हे मला लांबूनच कळलं. म्हणजे सायकल उचलल्यावर परत वस्तीवर धावत जायचं, माणसं आणायची, त्यांना न्यायचं. म्हणजे पेपर गेला. म्हणजे नापास. आणि नापास म्हणजे काय, ते ह्याच माणसानं ठरवलेलं होतं.

मी म्हणाले, "आबा, माझा पेपर हाय."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी सायकलला वळसा घातला, ओढा ओलांडला आणि चालायला लागले. मागनं एकदा हाक आली, नाव घेऊन. मी वळले नाही. पांदीपर्यंत पळत गेले, आणि खोटं कशाला बोलू, पळताना मला आतून बरं वाटत होतं.

पेपर चांगला गेला. 

दुपारी परत आले तर अंगण माणसांनी भरलेलं. सरपणाला आलेल्या बायकांना आबा ओढ्यात सापडले होते, ऊन चढल्यावर. कॉटवर पडले होते, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, गाडीची वाट बघत. मी दारात आले तशा सगळ्या माना वळल्या. त्यातली एक बाई म्हणाली, "आगं, तू तर तिथनंच गेली असशील की! तुला चुलता दिसला न्हाई व्हय?"

 आई माझ्याकडं बघत होती, आप्पा बघत होते. आता घर आणि चूल, म्हटलं, आणि वर जन्मभराचा शिक्का.

आबा डोळे मिटूनच बोलले. "दिसलो की. मीच म्हनलो तिला, तू व्हय फुडं, पेपर हाय तुझा. ती थांबत हुती, मीच हाकललं."

माणसं म्हणाली, "बघा, केवढं मन!" आईनं डोळ्याला पदर लावला. मी तिथं उभी राहून एक शब्द बोलले नाही.

मी पास झाले. जूनला आप्पा काळी देऊन जाड टायरची सव्वीस इंची घेऊन आले, आणि बारावीला मी एकदाही उशिरा पोचले नाही. चिखलात त्या जाड टायरात काळी माती अशी बसायची की काडीनं उकरत बसावं लागायचं, पण पाय जमिनीला टेकायचे. आबा पुढं कायमचे लंगडत राहिले. त्या सकाळबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही. त्यांनी मला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या, तर मीही वर्षभराचं सगळं त्यांच्या तोंडावर मारलं असतं आणि मोकळी झाले असते. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात कुणी त्यांच्या मोठ्या मनाची गोष्ट काढली की मी उठून आत जाते. खरं काय घडलं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि आता ते मला एकटीलाच माहीत आहे.