इंजिनाची दारू

माझे सासरे, नाना, माळकरी. घरात कांदालसूणसुद्धा नाही. असा माणूस दारूच्या खटल्यात सापडला, हे आजही सांगताना माझा संताप होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चोपड्याकडे तापीकाठी आमची केळी. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून विहिरीवर रॉकेलचं जुनं इंजिन होतं. पण रॉकेलही रेशनवर. इकडे व्यापाऱ्याने नाकारलेली केळी बांधावर सडत पडायची. नानांनी कुठेतरी ऐकलं, की सडक्या फळांचं स्पिरिट काढून त्यावर इंजिन चालतं. मग काय, तांब्याचा हंडा, नळी, चूल. चार-पाच वेळा फसलं. एकदा मात्र इंजिन खोकत खोकत सुरू झालं आणि पाटात पाणी आलं. नाना पोरासारखे टाळ्या पिटत होते.

इथपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. पण दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला इंजिन, नांगर, सगळ्यांची पूजा होते. ज्यानं पाणी दिलं, त्याला झेंडू नको का? नानांनी हंडानळी इंजिनाशेजारी मांडली, कुंकू लावलं आणि गावाला प्रसादाला बोलावलं. लपवायचं काही आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आठवड्याभरात दारूबंदीचे साहेब दारात.

नाना म्हणाले, "साहेब, हाई दारू नही शे. इंजिनना चारा शे."

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "नाना, इंजिन पितं की माणूस, हे कायदा बघत नाही. विनापरवाना गाळली की गुन्हा."

साखर कारखाने टाक्याच्या टाक्या स्पिरिट गाळत होते. त्यांच्याकडे परवाना होता. सडक्या केळ्यांच्या मालकाला तो कुठे मिळतो, हे साहेबांनाही सांगता आलं नाही. हंडा जप्त झाला, खटला उभा राहिला.

वकिलांनी सरळ सांगितलं, "इंधनाचं काही बोलू नका. ते कारखाना काढल्यासारखं दिसेल, प्रकरण वाढेल. घरी प्यायला थोडी काढली म्हणा. पहिलाच गुन्हा, दंडावर सुटाल."

मी भांडले. खरं सांगा म्हटलं. तुरुंगात गेलो तर केळीला पाणी कोण देणार, एवढंच नाना एकदा पुटपुटले.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढून माझ्या हातात दिली. "हाई घालीसन खोटं कसं बोलू, बेटा?" आत गेले आणि न अडखळता म्हणाले, "कबूल शे साहेब. पेवासाठे काढी व्हती."

दंड झाला, सुटले. बाहेर आल्यावर मी माळ पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे. कोर्टमा मी पिनारा ठरनू. आते माले तिना हक नही."

मी रडले, रागावले, नाना ऐकेनात. माळ देवघरात राहिली. रोज सकाळी तिला फूल वाहायचे, गळ्यात मात्र कधी घातली नाही. कायद्याला इंधन आणि दारू यांत फरक करता आला नव्हता. नानांना खोटं आणि खरं यांत करता येत होता, आणि त्याची शिक्षा ते स्वतःच भोगत राहिले.

नाना गेले, तेव्हा ती माळ मी त्यांच्या गळ्यात घातली. परवानगी कोणाचीच घेतली नाही.