मॅडमचं चौदावं कलम

तारीखरावांना सगळं सहन व्हायचं. सासूबाईंचा मुक्काम, गुडघ्याची कळ, कोर्टातला तो कडक बाक, सगळं. सहन व्हायचं नाही ते एकच, मॅडमचं नाव.

मॅडम म्हणजे नियामक कार्यालयाच्या मॅडम. लोकांचे पैसे घेऊन गुंतवणाऱ्या कंपन्यांवर त्यांची नजर. त्यांच्या सहीशिवाय एकाही योजनेचं माहितीपत्रक छापखान्यात जात नसे. जगाच्या मॅडम असतील, तारीखरावांची ती 'अगं' होती. पंचवीस वर्षांपूर्वी दोघं एकाच थोरल्या वकिलांकडे उमेदवारी करायची. टेबल एक, खण दोन. डावा तिचा, उजवा यांचा. थोरले नाकातून बोलायचे, "कागद शेवटच्या पानापासून वाचावा. गोम शेपटीत असते." ती खरंच तसं वाचायची. तारीखराव मान डोलवायचे आणि कोर्टात उभं राहून पुढची तारीख मागायचे. नाव तेव्हा पडलं, ते आजतागायत चिकटलेलं.

चाळिशीच्या आसपास तिने एका गुंतवणूक कंपनीचा मोठा खटला जिंकला. पैसे अडकलेली माणसं हरली, कारण कंपनीच्या पत्रकातलं चौदावं कलम तिनेच असं बेमालूम लिहिलं होतं की बोट ठेवायला जागा नाही. कोर्टाबाहेर एक निवृत्त शिक्षिका तिच्याजवळ आली. म्हणाली, "छान बोललात हो. तीस वर्षं मी भाषा शिकवली, पण तुमचं ते कलम मला अजून समजलेलं नाही." शेजारी उभे असलेले तारीखराव पोट धरून हसले. ती हसली नाही.

दोन महिन्यांनी तिने काळा कोट खुंटीला टांगला आणि निम्म्या पगारावर नियामक कार्यालयात गेली. डावा खण रिकामा झाला, जुने मसुदे तेवढे यांच्या गळ्यात पडले.

"गेली खुर्ची उबवायला," तारीखराव घरी म्हणाले होते. "पंखा, घंटी आणि पेन्शन."

पण खुर्ची दरवर्षी मोठी होत गेली. आधी कोपऱ्यातली, मग खिडकीजवळची, मग काचेच्या दाराआडची. एकदा पेपरात फोटो आला. बायकोने कात्रीने तो नीट कापला आणि फ्रिजच्या दारावर लावला.

"अहो, तुमच्याच टेबलावरची ना ही?"

"डाव्या खणाची," तारीखराव म्हणाले आणि पाण्याची बाटली न घेताच फ्रिज बंद केला.

मॅडमनी कार्यालयात एक रीत घातली होती. माहितीपत्रक अधिकाऱ्यांच्या आधी कॅन्टीनमावशी वाचणार, नाहीतर लिफ्टवाले काका. कंपनीचा वकील समोर बसून ऐकणार. वाचून झालं की काय कळलं ते मावशींनी आपल्या शब्दांत सांगायचं. ते आणि कागदावरचं जुळलं नाही, तर पत्रक परत. गावभरचे वकील मॅडमना भीत नसत इतके मावशींना भीत. कोणी गुपचूप त्यांच्या चहाची तारीफ करायचं, कोणी "मावशी, आज चष्मा राहू द्या घरी" म्हणून विनवायचं.

अशात तारीखरावांना जन्मात मिळाला नव्हता असा अशील मिळाला. चकचकीत बुटांचे शेठ, नवी गुंतवणूक योजना.

"पत्रक पहिल्या फेरीत पास झालं, तर पुढची सगळी कामं तुमची," शेठ म्हणाले. "अडलं तर मला दुसरा वकील बघावा लागेल."

"अडेल कसं? मॅडम म्हणजे आपली जुनी ओळख."

ही थाप मारून तारीखराव जुन्या टेबलाशी आले, उजवा खण उपसला आणि त्यांना तो जुना मसुदा सापडला. तिचं अक्षर, तिची सही, तिचं चौदावं कलम. त्यांनी ते जसंच्या तसं नव्या पत्रकाच्या शेवटच्या पानावर उतरवलं. नाही म्हणाली तर स्वतःलाच नाही म्हणेल. बघू या कशी म्हणते. कित्येक वर्षांत त्यांना इतकी शांत झोप लागली नव्हती.

ठरल्या दिवशी काचेच्या दाराआड चौघं बसली. मॅडम, शेठ, तारीखराव आणि पदराला हात पुसत आलेल्या मावशी. मावशींनी चष्मा लावला आणि सरळ शेवटचं पान उघडलं. ही खोड कोणाची ते तारीखरावांना ठाऊक होतं.

"पहिल्या पानावर लिहिलंय, पैसे कधीही काढा," मावशी म्हणाल्या. "इथं चौदाव्यात लिहिलंय, कंपनीला सोयीचं असेल तेव्हा. म्हणजे दार उघडंय, पण किल्ली त्यांच्या खिशात. असंच ना हो, वकीलसाहेब?"

"पत्रक परत," मॅडम म्हणाल्या.

तारीखराव याच क्षणाची वाट बघत होते. त्यांनी पिवळा पडलेला मसुदा टेबलावर सरकवला. "अगं, परत कसं? हे तर तुझंच. मॅडमचंच, म्हणजे. खाली सही बघा."

शेठ सावरून बसले. मॅडमनी कागद उचलला, शेवटापासून वाचला आणि मावशींकडे दिला.

"माझंच आहे. मावशी, हे कसं वाटतं?"

"तेच की. किल्ली खिशातच."

"मग हेही परत." त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं आणि वही तारीखरावांकडे फिरवली. 'चौदावं कलम मूळ माझं. लोकांची दिशाभूल करणारं. तेव्हाही चूक, आताही चूक.' खाली ठसठशीत सही. "त्या शिक्षिकाबाई आठवतात? तू हसला होतास. मी हेच कलम डोक्यात घेऊन इथे आले."

जिन्यात शेठचे बूट टकटक वाजत पुढे निघाले. "ओळख चांगलीच निघाली तुमची," एवढंच मागे वळून म्हणाले. दुसरा वकील त्यांना संध्याकाळपर्यंत मिळणार होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तारीखराव कॅन्टीनमध्ये टेकले. मावशींनी न मागता चहा ठेवला.

"तुमच्या मॅडम कधी चुकतात का हो?"

"चुकल्या की. आज तुमच्यासमोरच कबूल केलं. बघत नव्हता का?"

खुर्ची, काचेचं दार, पेपरातला फोटो, इतकी वर्षं ते कशाकशावर जळत आले होते. यादीत आज एक नवीनच भर पडली होती, आपली चूक लिहून देण्याची हिंमत, आणि ती कुठल्या बढतीने मिळण्यातली नव्हती.

घरी बायकोने दारातच विचारलं, "झालं काम? काय म्हणाली?"

"चुकले म्हणाली."

"कोण, तुम्ही?"

"ती. स्वतः. वहीत लिहून दिलं, मावशींच्या देखत."

बायको फ्रिजवरच्या कात्रणाकडे बघत राहिली. "काय बाई आहे हो," ती हळूच म्हणाली.

आपण हे सांगायलाच नको होतं, असं तारीखरावांना वाटलं.