मागच्या सीटवरचे रूबेनकाका

कोणतीही गाडी तपासायची असली की रूबेनकाका आधी तिच्या मागच्या सीटवर जाऊन बसत. बोनेट नाही, टायर नाहीत, कागदपत्रं तर नाहीतच. दार लावून घेत, हात मांडीवर ठेवत आणि लग्नाला निघाल्यासारखे समोर बघत राहत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "पुढे बसलं की चालवायची हाव सुटते. हाव सुटलेल्या माणसाला काय दिसणार?"

ते माझ्या वडिलांचे वर्गमित्र. विमा कंपनीत सर्व्हेअर होते. कर्नाळ्याच्या वळणांवर ठोकलेल्या गाड्या बघण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. निवृत्तीनंतर पनवेलच्या तलावाजवळच्या बैठ्या घरात राहत. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आणि शनिवार त्यांचा कामबंदीचा वार; त्यामुळे त्या दिवशी कुणी गाडीबद्दल विचारायला आलं तर त्याला कोकम सरबत मिळे आणि उत्तर रविवारी. रविवारी मिळालेलं उत्तरही समजेलच असं नसे. "असेल ना. का नसेल?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी कामांच्या याद्या करणारी बाई. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण पडल्याशिवाय मला चैन पडत नाही. अशा बाईने अशा माणसाकडे जाऊ नये, पण मला जावं लागलं.

अप्पा, म्हणजे माझ्या सुमनमावशीचे यजमान, वारले तेव्हा त्यांच्यामागची कामं मी अंगावर घेतली. वारसाचे अर्ज, गॅस, रेशनकार्ड, सगळं भराभर उरकलं. उरली ती कोन गावच्या घराशेजारच्या शेडमधली गाडी. लाल, बुटकी, दोन दारांची, इटालियन. अप्पा सांगत की ही साधी गाडी नव्हे, शर्यतीसाठी कारखान्यातच खास तयार करून घेतलेली. अशा फार थोड्या निघाल्या. आम्ही सगळे हसायचो. लग्नकार्यात कुणीतरी हमखास विचारी, "काय अप्पा, शर्यत कधी?" मावशी एकटीच त्यांची बाजू घेई. आता पुण्याचे एक शौकीन गृहस्थ ती मागत होते, पण खास तयार केलेली असल्याचा दाखला मिळाला तरच. मावशीला गाडी विकायची घाई नव्हती. तिचं म्हणणं वेगळंच होतं. "जन्मभर मी यांच्यासाठी सगळ्यांशी भांडले गं. ते खरं बोलत होते का, एवढंच मला कळू दे."

रूबेनकाका आले आणि शिरस्त्याप्रमाणे मागे बसले. त्या गाडीची मागची सीट पिशवी ठेवण्यापुरती. गुडघे हनुवटीला टेकवून ते बराच वेळ बसले. मग त्यांचा पहिला प्रश्न आला, "सुमनताई, तुम्ही रोज बसायचात का हिच्यात?"

"रोज. संध्याकाळी पळस्प्यापर्यंत. का?"

"काही नाही."

मी वहीत दोन रकाने आखले होते, खरी आणि खोटी. काकांनी चेसिसवरच्या नंबरावर कागद धरला, पेन्सिल घासून छाप घेतली आणि म्हणाले, "नंबर मूळचा आहे." मी 'खरी'खाली लिहिलं. बोनेट उघडलं तर आत टेंपोचं डिझेल इंजिन. मी 'खोटी'खाली लिहिलं. मावशी शेडच्या खांबाला धरून उभी राहिली. "पूर्वी गाडी गर्जायची. मग खोकायला लागली. हे म्हणाले, म्हातारी झाली."

"तेव्हा अर्ध्या पनवेलने डिझेल बसवून घेतलं. पेट्रोल कुणाला परवडत होतं?" काका म्हणाले. मग त्यांनी आतल्या पत्र्यावरचा एक ओबडधोबड जोड दाखवला. मी तो खोटीकडे लिहायला लागले, तर म्हणाले, "थांब. शर्यतीच्या गाड्या घाईत बनतात, जोड असेच येतात. नक्कल करणारा मात्र जीव लावून करतो." म्हणून मी गाडीच्या नाकावरचा चकचकीत, रेखीव बिल्ला खरीकडे लिहिला होता तो खोडला, कारण तो फारच सुबक होता. काकांनी नखाने खरवडून पाहिलं. "हा इथलाच. पितळेचा. कुणीतरी हौसेने केलाय."

मावशी दर दसऱ्याला तो बिल्ला चिंचेने घासून लख्ख करायची. ती म्हणाली, "म्हणजे खोटं."

"बिल्ला खोटा. गाडीचं अजून ठरलं नाही. जुनं इंजिन कुठे गेलं?"

मावशीला माहीत नव्हतं. काकांनी मग गाडी सोडून अप्पांचीच चौकशी सुरू केली. कुठे जायचे, कुणाकडे बसायचे. बोलता बोलता मावशी म्हणाली, "नारळी पौर्णिमेला मात्र न चुकता उरणच्या बाजूला जायचे, नारळ घेऊन. आपल्यात कुठे असतं समुद्राला नारळ वाहणं?"

पुढच्या रविवारी आम्ही तिघं तिकडे गेलो. खाडीकाठी अप्पांचं नाव काढताच धर्माजी नावाचे वयस्क कोळी पुढे आले.

"अप्पांचा इंजिन? हाय ना. माज्या बोटीत हाय. माजा खाडीत गेला व्हता, पोराबालांचे हाल. अप्पा बोलले, मना पेट्रोल परवडत नाय, घेऊन जा. घरी बोलू नको, बायको रागवंल."

"मी रागावले असते?" मावशीने मला विचारलं.

"पन तरास लई दिला त्या इंजिनाने," धर्माजींचं बोलणं चालूच होतं. "आमी बोटी रॉकेलवर चालवतो. ह्यो रॉकेल खाईच ना. ठोके मारायचा, तापायचा. शेवटी मिस्तरीने हेडखाली जाड पत्रा घातला, तवा गप झाला."

रूबेनकाका चक्क हसले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला समजावून सांगितलं: याच जातीच्या साध्या गाडीचं इंजिन रॉकेल निमूट पचवतं. शर्यतीसाठी तयार केलेल्यात दाब इतका वाढवलेला असतो की ते पचवू शकत नाही; पत्रा घातल्यावर तो दाब उतरला. मी लगेच वही काढली. तेवढ्यात मलाच शंका आली. "पण काका, इथेच कुणी हेड तासून दाब वाढवून घेतला असला तर?"

"असेल ना. का नसेल?" आणि वर म्हणाले, "शिकलीस."

इंजिनावरचा नंबर खाऱ्या हवेने खाऊन टाकला होता. त्यांनी कागद लावून पेन्सिल घासली. नुसते गंजाचे खवले उमटले. तोवर मावशी बोटीच्या नाकापाशी गेली होती. तिथे हळदीकुंकवाने माखलेला एक बिल्ला ठोकलेला होता, जाडाभरडा, एका कडेला वाकडा. "शकुनाचा म्हनून मीच मागून घेतला," धर्माजी म्हणाले. "बोलले, ने. घरी दुसरा करून लावीन."

मावशीने त्याला बोट लावलं, मग कपाळाला. तो परत मागितला नाही. वळून तिने विचारलं, "रूबेनभाऊ, हे खरं बोलत होते ना?"

"हो," काका म्हणाले. नुसतं हो. मागेपुढे काही नाही.

परतताना मी म्हटलं, "चला, दाखला लिहून टाका."

"कसला? गाडी खास तयार केलेली आहे की नाही, ते मला सांगता येत नाही."

"आत्ता मावशीला हो म्हणालात."

"तिने गाडीबद्दल कुठे विचारलं?"

पुण्याचे गृहस्थ दाखल्याविना फिरकले नाहीत. गाडी शेडमध्येच राहिली. पुढे रूबेनकाका मुलीकडे इस्रायलला गेले. निरोपाच्या दिवशी मी शेवटचा प्रयत्न केला, खरं काय ते सांगा म्हणून. ते म्हणाले, "तू अजून मागे बसली नाहीस." मला तेव्हा ती टाळाटाळ वाटली.

ते तिकडेच वारल्याचं कळलं तेव्हा मी कोनला गेले, शेड उघडली आणि अंग चोरून त्या मागच्या सीटवर बसले. तिथून बोनेट दिसत नाही, नंबर दिसत नाही, बिल्लाही नाही. पुढच्या दोन सीट तेवढ्या दिसतात. अप्पांची झिजलेली आणि शेजारची मावशीची, तितकीच झिजलेली. मावशीच्या सीटच्या उशाला केसांच्या तेलाचा डाग, अप्पांच्या बाजूला कललेला.

मावशी दारात आली. "काय गं, ठरलं का काही?"

"बघतेय अजून," मी म्हणाले आणि मागूनच हात लांबवून तिला बसायला पुढचं दार उघडून दिलं.