पाणी मारलेली गाठ

माझं डोकं पहिल्यापासून भडक. आई म्हणायची, ह्याच्या नाकावर माशी बसली तर हा माशीसकट नाक कापंल. आईनं उगाच नव्हतं म्हटलं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठी. श्रावणात होड्यांच्या शर्यती लागायच्या आणि पलीकडच्या गावाशी आमचं दरवर्षी वाजायचं. त्या वर्षी थोरला भाऊ फौजेतून सुट्टीवर आला होता. दादाला नुकतीच बढती मिळालेली. परत गेल्यावर पळायची परीक्षा होती, म्हणून पठ्ठ्या रोज पहाटे बांधावरनं पळायचा. फौज म्हणजे त्याचा जीव होता.

आमची होडी जुनी. तळाच्या फळीला हातभर चीर गेलेली. सुतार म्हणाला, नवी फळी घाला, महिना लागंल. शर्यत आठ दिवसांवर! मग मीच बसलो. होडी पालथी घातली, कापूस डांबरात घोळून चिरेत ठोकून भरला आणि वरनं पत्रा मारला. पाण्यात सोडली तर एक थेंब आत आला नाही. पण दादा मागं सुकाणूला बसला की त्याच्या वजनानं होडीचं पुढचं तोंड वर उचलायचं आणि होडी डुलायची. म्हणून पुढं वाळूची चार पोती टाकली. ती सरकू नयेत म्हणून अंबाडीच्या दोरानं बाकाला करकचून आवळली आणि गाठीवर तांब्याभर पाणी ओतलं. उसाच्या गाडीला आम्ही असंच करतो. अंबाडी भिजली की आखडते, गाठ दगडासारखी होते, माल पडत नाही.

दादानं गाठ बघितली. "ही सोड. एका हिसक्यात सुटंल अशी मार. होडीत पाणी भरलं तर पोती टाकून द्यायला नगंत व्हय?"

"तुझी फौजी अक्कल तिकडं चालव. हितं गाड्या मी बांधतो."

त्यानं खाडकन माझ्या मुस्काटात लावली. मी त्याच्या पोटात डोकं घातलं. घाटाच्या चिखलात आम्ही एकमेकांना असं तुडवलं की चौघांनी ओढून सोडवलं. त्याचा ओठ फुटला, माझा दात हलला. गाठ मात्र मी सोडली नाही. हट्ट, दुसरं काय!

शर्यतीत आम्ही पुढं होतो. निम्म्या पात्रात पलीकडच्यांनी होडी आडवी घातली आणि सरळ आमच्या तोंडावर आणून आदळली. मग कसली शर्यत! वल्ह्यांनी हाणामारी सुरू झाली. एकाचं डोकं फुटलं, एकाचा हात मोडला. मी एकाच्या मानगुटीवर वल्हं हाणलं आणि खोटं कशाला सांगू, मला गोड वाटलं. दादा सुकाणू सोडून पुढं धावला, पोत्यांवर उभा राहून वल्हं फिरवायला लागला. तेवढ्यात माझा पत्रा उचकटला. पाणी भसाभस आत आलं, होडी तोंडाकडनं बुडायला लागली आणि सगळ्यांनी उड्या टाकल्या. दादा जागचा हलंना. त्याचा पाय दोराखाली घसरून अडकला होता.

"गाठ सोड! सोड रं, गड्या!"

त्याच्या आवाजात भीती मी पहिल्यांदा ऐकली. मी बुडी मारली. गाठीला नखं लावली, दात लावले, ती काही हलली नाही. वल्ह्यांत पाण्यावरचं केंदाळ अडकतं म्हणून बाकाखाली कोयता असायचा, तो ओढला. तोवर पाणी दादाच्या हनुवटीला लागलेलं. खाली नुसता गढूळ अंधार. चाचपून कोयता दोरावर दाबला आणि जीव खाऊन ओढला. तिसऱ्या ओढीला दोर तुटला. दुसरी ओढ कशावरनं गेली, ते हाताला कळलं होतं.

दादाच्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पुढं फौजेनं त्याला कायमचं घरी पाठवलं.

दादा येईल त्याला सांगायचा, "धाकट्यामुळं वाचलो." गाठीचं नाव कधी काढलं नाही. मला वाटायचं, यानं मला चाबकानं फोडावं. पण तो माझ्याशी पाहुण्यासारखा गोड बोलायचा. ते गोड बोलणं मला सोसत नव्हतं.

ऊसतोड लागली. पहिली गाडी भरली, मी दोर आवळला आणि पाण्याचा तांब्या हातात धरून तसाच उभा राहिलो. ओतवेना. दादा खुरडत आला. तांब्या हिसकावून गाठीवर ओतला आणि खाडकन माझ्या मुस्काटात दिली.

"माल पाडतोस व्हय रं, भडव्या? पाणी कुणी मारायचं, माझ्या बानं?"

मी तिथंच उसाच्या पाचटात बसलो आणि हंबरडा फोडला. बैलंसुद्धा दचकली. दादा शेजारी टेकला. तोही रडत होता.